रुमाल सोडताना

निवृत्त माणसाला जो तो छंद सुचवतो. बाग करा, हास्यक्लबात जा, नातवंडांत रमा. सुचवणाऱ्यांची माया खरी असते, पण आता आपली कुणाला गरज उरली नाही, हे त्या मायेनं गृहीत धरलेलं असतं. मला ते मान्य नाही. साठीनंतरचं कामही कामच असावं. कुणीतरी त्याची वाट पाहत असावं, आणि चुकलं तर ‘चुकलं’ म्हणणारं कुणी असावं.

आमच्या बुधवार पेठेत याचे दाखले लांब शोधावे लागत नाहीत. इथलं पुणे नगर वाचन मंदिर १८४८ साली ‘पुणे नेटिव्ह जनरल लायब्ररी’ म्हणून सुरू झालं. त्यात पुढाकार घेणारे गोपाळ हरी देशमुख तेव्हा पंचविशीत होते. पुढे सरकारी न्यायखात्यात हयात घालवून पेन्शन घेतल्यावर, १८८२ मध्ये, त्यांनी ‘लोकहितवादी’ मासिक काढलं. तरुणपणीची शतपत्रं सगळ्यांना ठाऊक असतात. साठीच्या उंबरठ्यावरचा हा उद्योग फारसा कुणाच्या बोलण्यात येत नाही.

मला मात्र जास्त जवळचे वाटतात रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई. बडोद्याच्या सयाजीरावांच्या पदरी त्यांनी १८८९ पासून नोकरी केली, राजपुत्रांना शिकवलं, आणि १९२५ मध्ये ती सोडून कामशेतला घर केलं. तिथे ते स्वस्थ बसले असते तर कुणी नावं ठेवली नसती. पण पुण्यात पेशवे दप्तराचे रुमाल पडून होते. रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. ते सोडून, वाचून, निवडून छापण्याचं काम सरकारनं सरदेसाईंवर सोपवलं. १९३० ते १९३४ या काळात त्यांनी निवडक कागदांचे ४५ खंड सिद्ध केले. मदतीला माणसं होती, इतिहासकार जदुनाथ सरकारांचं पाठबळ होतं. तरी पासष्टीच्या डोळ्यांनी केलेली ती मेहनत आठवली की ऊर भरून येतो. मराठ्यांच्या इतिहासाचे तीन इंग्रजी खंड तर त्यांनी ऐंशी ओलांडल्यावर प्रसिद्ध केले.

मी बँकेत होते. सह्या ताडून पाहण्यात, खाडाखोड हेरण्यात वर्षं गेली. निवृत्तीनंतर अप्पा बळवंत चौकात, दहावीच्या पुस्तकांसाठी उडालेल्या झुंबडीत उभं राहून मी मोडीची, म्हणजे त्या रुमालांतल्या लिपीची, बाराखडी मागितली. दुकानदारानं विचारलं, “ताई, नातवासाठी का?” “माझ्यासाठी,” म्हटलं.

मोडीत आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढतात आणि मग अक्षरं तिला टांगत जातात. हात शक्यतो उचलायचा नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्दाशब्दांत अंतर नाही. वाचणाऱ्यानं लिहिणाऱ्याची लकब ओळखायची. बँकेतली नजर इथे अशी कामाला आली की सुरुवातीचे काही आठवडे मी आनंदानं नीट झोपले नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारात कोट्यवधी मोडी कागद आहेत. ते वाचणारे डोळे थोडे. शिवाय पेठांतल्या वाड्यांतून माळ्यावरच्या ट्रंका आहेत, त्या वेगळ्याच. वाडा पडून इमारत उभी राहते तेव्हा ट्रंकेतलं आधी रद्दीत जातं. म्हणून घाई आहे. माझ्या वयाच्या माणसाला घाई असणं, ही केवढी मोठी गोष्ट आहे!

सध्या शेजारच्या एका घरातला जमाखर्च उतरवून काढते आहे. तेल, गूळ, कुणा ब्राह्मणाला दक्षिणा, घोड्याचा दाणा. वर्ष त्या काळच्या सुहूर सनात, अरबी शब्दांत लिहिलेलं: ‘सबैन मया व अलफ’, म्हणजे सत्तर, शंभर आणि हजार. त्याआधीचा शब्द वाळवीनं खाल्लाय, फक्त शेवटचा ‘बा’ उरलाय. ‘अर्बा’ असेल तर ११७४, म्हणजे इसवी सन १७७३-७४: नारायणराव पेशव्यांचा खून झाला ते वर्ष. ‘सबा’ असेल तर ११७७, म्हणजे १७७६-७७. त्या घरच्या आजींना हे कळायला हवं आहे, रोज विचारतात. मिती आणि वार शाबूत आहेत, तेव्हा दोन्ही वर्षांची जंत्री काढून ताडून पाहायची. मोडीच्या सरांना माझं वाचन दाखवायचं. तोवर घोड्याच्या दाण्याची बेरीज जुळत नाही, ती पुन्हा करते.