जिंजी: स्वराज्याचं दक्षिण ठाणं

तमिळनाडूतल्या भातखाचरांच्या सपाटीतून जाताना जिंजीचे डोंगर एकाएकी समोर येतात. सह्याद्रीचे सरळसोट कडे पाहत वाढलेल्या डोळ्यांना हे डोंगर अनोळखी वाटतात. खळ्यात धान्याची रास घालावी तशा प्रचंड गोल शिळा एकमेकींवर रचलेल्या. राजगिरी, कृष्णगिरी आणि चांद्रायणदुर्ग अशा तीन टेकड्या, आणि तिघींना कवेत घेऊन मैदानातून धावणारा रुंद तट.

१६७७ साली दक्षिणेच्या मोहिमेत शिवाजी महाराजांनी ही जागा विजापूरकरांकडून घेतली आणि तटबंदी भक्कम करून घेतली. रायगडापासून इतक्या दूर, परक्या मुलखात एवढा खटाटोप! त्याचं मोल बारा वर्षांनी कळलं. संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड पडला, येसूबाई आणि शाहू मोगलांच्या कैदेत गेले. त्या १६८९ सालीच एकोणीस वर्षांचे राजाराम महाराज वेषांतर करून जिंजीत पोचले आणि सरहद्दीचं ठाणं राजधानी झालं.

राजगिरी सुमारे ८०० फूट उंच आहे. माथ्याच्या अलीकडे कातळ उभा दुभंगलाय; खाली खोल घळ, वर छोटा पूल. पूर्वी त्यावरच्या फळ्या ओढून घेतल्या की बालेकिल्ला जगापासून तुटायचा. त्या पुलावरून माझा पाय लवकर निघाला नाही. समोर दरवाजा, अंगावर समुद्राकडून येणारा वारा. पन्हाळ्याकडची बातमी घेऊन येणारा जासूद कधी दिसतो, म्हणून इथून वाटेकडे किती डोळे लागले असतील!

खाली धान्याची कोठारं आहेत. आत शिरलं की बाहेरचं ऊन विसरायला होतं, इतक्या जाड भिंती. मोगल सरदार झुल्फिकारखानाचा वेढा १६९० पासून सुमारे आठ वर्षं रेंगाळला, तो अशा कोठारांच्या बळावर, आणि बाहेरून संताजी-धनाजींनी चढवलेल्या हल्ल्यांमुळे. १६९३ च्या आरंभी तर उपासमारीने हैराण झालेल्या खानालाच वेढा उठवून वांदिवाशला मागे जावं लागलं. तिकडे महाराष्ट्रात रामचंद्रपंत अमात्य गड राखत होते. १६९८ साली जिंजी पडली, पण राजाराम महाराज त्याआधीच निसटले होते. औरंगजेबाने किल्ल्याचं नाव नुसरतगड ठेवलं. हाती लागला तो गड, राजा नव्हे. माझ्या मते मराठ्यांच्या इतिहासात हरूनही इतकं कामी आलेलं दुसरं ठाणं नाही.

२०२५ साली युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी अकरा महाराष्ट्रात आहेत, बारावा हा. रायगड पाहिलेल्या प्रत्येकाने एकदा इथे यावं. तिरुवण्णामलैहून बसने सहज येता येतं. मात्र राजगिरी सकाळीच चढा. दुपारी कातळ फार तापतो.