आधी फण, मग रोटा

शिरूर तालुक्यात रांजणगावं दोन. एक महागणपतीचं, पुणे-नगर रस्त्यावरचं, ते सगळ्यांना ठाऊक. दुसरं सांडसचं, भीमेच्या काठाला. नदीपलीकडे दौंडची हद्द. माझा छोटा ट्रॅक्टर दोन्हीकडे भाड्यानं जातो. गणपतीच्या बाजूला माळ, मुरूम, दगडगोटे. पोरं एमआयडीसीत कामाला लागली आणि कितीतरी तुकडे पडीक पडले. आता कुणाला तिथं डाळिंब लावायचंय, कुणाला कांदा. नदीकडे काळं रान, ऊस, आणि पाणी पाजून पाजून चोपण झालेले पट्टे.

२४ एचपीचं यंत्र बांधावर उतरलं की मालक तोंड वाकडं करतो. “हे खेळणं काय करणार?” त्याचं निम्मं बरोबर असतं. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या काळ्या रानाची पहिली खोल नांगरट छोट्याचं काम नव्हे. त्याला ५० एचपीचा ट्रॅक्टर आणि पल्टी नांगर बोलवा, असं मीच सांगतो. पण वाटण्या होऊन २० गुंठ्यांवर आलेल्या रानात मोठा गडी वळायला लागला की शेजाऱ्याचा बांध कोरतो, आणि बांधाचं भांडण नांगरटीपेक्षा महाग पडतं. पुढची सगळी निगुतीची कामं मग छोट्याकडे येतात.

पडीक रानात पहिली गाठ वेड्या बाभळीशी. झुडपात शिरण्याआधी मी इंजिन थोडा वेळ जागेवरच मोठ्यानं चालू ठेवतो. शिरूरच्या उसात बिबट्या आता पाहुणा राहिलेला नाही. बाभूळ वरून छाटली की दुप्पट जोमानं फुटते, म्हणून बुंध्याभोवती खणायचं, मुळ्या कुऱ्हाडीनं तोडायच्या आणि मगच साखळी लावायची. साखळी मागच्या ड्रॉबारलाच, आसाच्या खाली. ती टॉप लिंकच्या जागी अडकवणारे बहाद्दर मी पाहिलेत. खोड हलत नाही, पुढची चाकं मात्र उचलतात, आणि ट्रॅक्टर मागं उलटायला लागला की क्लच दाबायलासुद्धा सवड मिळत नाही. जाड खोड असेल तर सरळ जेसीबी सांगावा. काटे आधी वेचून पेटवून द्यायचे, नाहीतर दिवस पंक्चर काढण्यात जातो.

बाभळीचं सोपं, ती दिसते तरी. हराळी आणि लव्हाळ्याचं तसं नाही. हराळीची एक काशी उपटून हातात घ्या: पांढरट पिवळी, पेराला पेर जोडलेली, सुतळीएवढी जाड. त्यातलं प्रत्येक पेर फुटू शकतं. आता अशा रानात थेट रोटा, म्हणजे रोटाव्हेटर, घातला तर काय होईल? पात्यांनी काशीचे बोटबोटभर तुकडे होतात, ते सारखे पसरतात, वरून माती झाकली जाते. म्हणजे भाडं देऊन हराळीची लागवड करून घेतली. पहिल्या पावसानंतर मालक म्हणतो, बियाणं खोटं निघालं. लव्हाळ्याच्या गाठींचं हेच. माळ तुटली की एकीच्या जागी चार कोंब.

म्हणून आधी फण. नांगरट चैत्र-वैशाखाच्या उन्हात तापू द्यायची, मग कल्टिव्हेटर उभा-आडवा. फण काशी तोडत नाही, ओढून वर आणतो. काश्या फणांना गुंडाळल्या जातात. बांधापाशी आलं की लिफ्ट उचलायची आणि सोडवायच्या. मागं बायका वेचून ढीग घालतात. ऊन आणि वेचणी, या दोन्हींना यंत्रात पर्याय नाही. लव्हाळा मात्र याही उपायाला पुरता दाद देत नाही. खोलच्या गाठी राहतातच.

रोटा शेवटी, आणि वाफसा असेल तरच. मूठभर माती दाबून कमरेच्या उंचीवरून सोडायची. गोळा फुटला तर रोटा जोडायचा. चेपून तसाच पडला तर घरी जायचं. ओल्या काळ्या मातीत रोटा मारणं म्हणजे विटा पाडायची तयारी.

गंमत अशी, की हे अवजार निघालं ते जमीन दबू नये म्हणून. ऑस्ट्रेलियातल्या आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड यांनी १९१२ साली वडिलांच्या शेतावर त्याचे प्रयोग सुरू केले. नांगरटीत माती आवळते, फिरत्या पात्यांनी ती मोकळी राहते, हे त्यांना दिसलं होतं. एल आकाराची पाती त्यांचीच, १९२० साली पेटंटही घेतलं. आपल्याकडे मात्र वर्षानुवर्षं त्याच खोलीवर रोटा फिरतो आणि पात्यांच्या खाली वीतभरावर कठीण थर बसतो. वर मऊ, खाली फरशी. पाणी खाली जात नाही, मुळं आडवी धावतात. दोष हॉवर्डचा नाही. एकाआड एक वर्षी तरी नांगर घातला तर थर मोडतो, पण रोट्यानं एका फेऱ्यात काम उरकतं, तिथं नांगराचं भाडं कोण देणार?

मालकाला अजून एक फेरा हवा असतो. रान पिठासारखं झालेलं बघायला बरं वाटतं, आणि तासावर भाडं असेल तर माझाही फायदाच. मी सहसा मारत नाही. काळ्या रानाचं असं पीठ पहिल्या जोरदार सरीत आवळतं, वर खपली धरते आणि कोंब खालीच वाकतो. मुठीएवढं ढेकूळ राहिलं तर राहू दे, पावसानं ते आपोआप विरघळतं. कांद्याच्या वाफ्यांना बारीक माती लागते, तिथं दुसरा फेरा देतो. डाळिंबाला तर ओळी आखून खड्डेच घ्यायचे असतात. मधल्या पट्ट्याचं पीठ करून कुणाच्या भाकरी थापायच्यात?