संवादाआधी चौकट

पेणच्या गणपती कारखान्यांत एकाच साच्यातून निघालेल्या दोन मूर्ती डोळ्यांची आखणी झाल्यावर वेगळ्या भासतात; बुबुळ जरासे खाली उतरले की भाव बदलतो. रोह्यात ग्रामदैवत धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस मानवंदना देतात, तेव्हा देवाचा मान कुणाला समजावून सांगावा लागत नाही. अशी घडलेली नजर जुन्या अमेरिकन चित्रपटांनाही पुरेशी आहे, असे मला ठामपणे वाटते. कारण त्यांतली माणसे संवादाआधी चौकटीत उभी राहतात. ‘सिटिझन केन’ (१९४१) मध्ये लहानग्या केनला दुसऱ्याच्या हाती सोपवणाऱ्या कागदावर आई सही करते आणि मागे खिडकीतून तो बर्फात खेळताना दिसत राहतो. ग्रेग टोलंडच्या कॅमेऱ्याने जवळचे आणि दूरचे सारखेच स्पष्ट ठेवले, म्हणून निर्णय आणि त्याची किंमत एकदमच दिसतात. केनची पुढची सारी हाव मी त्या खिडकीपासून मोजतो.

कुणी म्हणेल, ‘कॅसाब्लँका’ (१९४२) तर संवादांवरच उभा आहे. संवाद थोर आहेतच; पण नायक रिक आधी दिसतो तो सही करणारा हात म्हणून, मग एकट्याने मांडलेला बुद्धिबळाचा पट, आणि चेहरा त्यानंतर. त्याचे एकटेपण तो बोलण्याआधीच कळलेले असते. हे अर्थ आपणच चिकटवतो, ही शंकाही दिग्दर्शक जॉन फोर्डपुढे टिकत नाही: ‘द सर्चर्स’ (१९५६) दार उघडून सुरू होतो, दार मिटून संपतो आणि नायक ईथन बाहेरच राहतो. हे प्रसंग एकदा आवाज बंद करून पाहा.