भिंतीतल्या वाटा

जुन्या घरांत वीज उघडपणे नांदत असे. लाकडी पट्टीवर चिमट्यांनी बसवलेली वायर मीटरपासून दिव्यापर्यंत कुठून जाते, हे अंथरुणावर पडल्यापडल्या शाळकरी पोरालाही सांगता येई. पुढे प्लास्टिकची केसिंग-पट्टी आली आणि मग घराचे देखणेपण अधिक मोलाचे ठरल्यावर वायर गिलाव्याआड गेली. जे दिसत नाही ते नसतेच, असे मानून आपण त्यावर तसबिरी टांगू लागलो.

आमच्या पुण्यातल्या जुन्या फ्लॅटची दुरुस्ती चालू असताना वायरमनने बटणांच्या बोर्डापासून भिंतीवरच्या दिव्यापर्यंत खडूने तिरकी रेघ ओढली. "सरळ वर नेऊन मग आडवी का नेत नाही?" असे मी विचारले. "साहेब, तेवढाच पाइप वाचतो. आणि एकदा प्लास्टर झाल्यावर कोण बघतंय आत?" भूमितीच्या दृष्टीने त्याचे बिनचूक होते. कर्ण हा उरलेल्या दोन बाजूंच्या बेरजेपेक्षा लहानच असतो.

पण बघणारा असतो. तो फक्त अजून आलेला नसतो. दहा वर्षांनी कुणी भाडेकरू पडद्याचा दांडा बसवायला माणूस बोलावील. त्या माणसाच्या हाती ड्रिल असेल, नकाशा नसेल. बोर्डाच्या सरळ रेषेत वर-खाली आणि त्याच पातळीत डावी-उजवीकडे भोक पाडू नये, एवढा एकच ठोकताळा त्याला ठाऊक असतो. ब्रिटिश नियमावलीने हाच ठोकताळा मोजून ठेवला आहे. पृष्ठभागापासून ५० मिलिमीटरपेक्षा कमी खोल असलेली वायर बोर्डापासून निघणाऱ्या उभ्या-आडव्या पट्ट्यांतूनच न्यायची, किंवा छतालगतच्या वा भिंतींच्या कोपऱ्यालगतच्या १५० मिलिमीटरांतून. (एरवी तिला अर्थिंग केलेले धातूचे कवच वगैरे हवे.) आपला पीव्हीसी पाइप ड्रिलपुढे क्षणभरही टिकत नाही. तिरकी वायर म्हणजे त्या अनोळखी माणसाशी केलेला विश्वासघातच.

आरसीसीबी बसवला की चिंता मिटली, असे सांगणारे भेटतात. जाणाऱ्या आणि परतणाऱ्या प्रवाहात ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो वीज तोडतो आणि पुष्कळ जीव वाचवतो, हे खरे. एमसीबी वायरचा राखणदार, माणसाचा नव्हे; म्हणून आरसीसीबी हवाच. मात्र जमिनीपासून विलग असलेला माणूस फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये सापडला, तर दोन्ही प्रवाह सारखेच भरतात आणि त्याला काही कळत नाही.

असो. जादा पाइपाचे पैसे देऊन रेघ काटकोनात नेली. गिलाव्याआधी भिंतीला टेप लावून छायाचित्रे काढली आणि त्यांच्या प्रती मीटरच्या कपाटात ठेवल्या.

आतल्या खोलीतले वायरिंग मात्र पहिल्या बांधकामाच्या वेळचेच राहिले. तिथल्या बोर्डाला वायर स्लॅबमधून उतरते की फरशीखालून चढते, हे सांगणारे आता कुणी उरलेले नाही. वडिलांची तसबीर त्या खोलीत टेबलावर, भिंतीला टेकवून ठेवली आहे.