आई : वसईची

आम्हा वसई-विरारकडच्या लोकांना किल्ल्याचं तसं फारसं अप्रूप नसतं. पाहुणे आले की न्यायचं, चिमाजी अप्पांचं नाव घ्यायचं, 1739 साल सांगायचं आणि संध्याकाळच्या आत घरी परतायचं. पण त्या तटाच्या आत एकेकाळी संसार होते, हे माझ्या डोक्यात शिरलं ते गोन्सालो गार्सियामुळे.

1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहानं वसई पोर्तुगीजांना देऊन टाकली. शिपाई आले, पाद्री आले. बायका मात्र त्या लांबच्या समुद्रप्रवासाला फारच थोड्या निघायच्या. 1510 मध्ये गोवा जिंकल्यावर आल्बुकर्कनं आपल्या माणसांना इथल्याच मुलींशी लग्नं करून इथेच राहायला उत्तेजन दिलं होतं. अशा स्थायिक झालेल्यांना पोर्तुगीजांत शब्दच होता 'कझादो', म्हणजे नुसतं 'लग्न झालेला'! वसईत अशा घराण्यांना गावं पट्ट्यानं मिळायची आणि बदल्यात घोडा नि हत्यारं तयार ठेवावी लागायची. थोडक्यात काय, तोफांनी किल्ला मिळतो, पण वस्ती व्हायला चूल पेटावी लागते.

अशाच एका घरात 1556 च्या सुमाराला गोन्सालो जन्मला. वडील पोर्तुगीज शिपाई. आई? आई 'वसईची'. त्याच्या गोष्टीत ती येते तेवढीच. पंधरा-सोळाव्या वर्षी तो जेझुइट पाद्र्यांबरोबर जपानला गेला, तिथली भाषा शिकला, पुढे व्यापारात पडला, मग मनिलाला फ्रान्सिस्कन झाला. 1593 मध्ये हिदेयोशीकडे वकिलात निघाली तेव्हा दुभाषा म्हणून वसईचाच हा मुलगा गेला. आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला ज्या 26 जणांना क्रुसावर मारलं, त्यांत तोही होता. 1862 मध्ये त्याला संतपद मिळालं. भारतात जन्मलेला पहिला संत! वसईत त्याच्या नावाचं कॉलेज आहे.

मला आपलं वाटतं, बापाशी एक भाषा आणि आईशी दुसरी बोलत वाढलेल्या मुलाला तिसरी भाषा जड गेली नसणार. दुभाषेपण त्याच्या घरातच होतं. त्याचं श्रेय कुणाला?

1739 च्या मे महिन्यात किल्ला पडला, तेव्हा तहानुसार जाणाऱ्यांना आठ दिवसांची मुदत मिळाली. 205 वर्षांचे पट्टे, गावं, वाडे मागे टाकून बरीच घराणी निघून गेली. ज्यांची नावं कागदावर होती ते गेले. गोन्सालोचं आजोळ मात्र इथेच राहिलं.

हे सगळं आठवायचं कारण आमची वंशावळ. चुलतभावानं परवा ती टाइप करून पाठवली. सहा पिढ्यांचे पुरुष, आणि बायकांच्या जागी 'प्रथम पत्नी', 'द्वितीय पत्नी'. शेवटी बाबांच्या नावापुढे लिहिलंय, 'यांनी 1988 मध्ये विरारला घर केले'.

बाबांनी कर्ज काढलं, फ्लॅटचे कागद केले, हे खरंच. ते पहाटेच्या लोकलनं जायचे आणि रात्री यायचे. विरारला दिवसभर राहायची ती आई. नळाला पाणी नसायचं, तेव्हा शेजारच्या वाडीतल्या आजींशी तिनं ओळख काढली आणि त्यांच्या विहिरीचं पाणी मिळवलं. रेशनकार्ड, शाळेतला प्रवेश, पावसात पाणी भरलं की कुणाच्या माळ्यावर जायचं, हे सगळं तिनंच ठरवलं. वाडीतल्या बोलीतले शब्द आमच्या घरात आले तेही तिच्याच तोंडून. गिरगावातून आलेलं आमचं बिऱ्हाड विरारचं झालं ते असं.

आणि तिचं नाव? तेसुद्धा लग्नात ताम्हणातल्या तांदळावर लिहून बदललेलं. माहेरचं नाव आता फक्त मामा घेतो.

चुलतभावाला मी लिहिलंय, आईची दोन्ही नावं घाल. तो म्हणाला, "मग सगळ्यांचीच घालावी लागतील." घालूया की! आत्या, मावशी, मामा, वाचताय ना? आपल्या आजीचं, पणजीचं माहेरचं नाव ठाऊक असेल तर कळवा. पणजीचं नाव सांगू शकेल अशी एकच आत्या उरलीय आणि तिला यंदा नव्वदावं लागलंय.