गाठीतला विस्तव

मिरचीचा हंगाम भरात असला म्हणजे धर्माबादला निराळाच रंग चढतो. वाळवणीच्या मोकळ्या जागांवर लाल मिरचीचे गालिचे अंथरलेले असतात आणि परगावचा माणूस दोन-चार वेळा शिंकल्याशिवाय मोंढ्यातून पुढे सरकत नाही. जमिनीवरून हा देखावा साऱ्यांच्याच परिचयाचा. आकाशातून तो कसा दिसतो हे मात्र मोंढ्यातील एका जुन्या आडत दुकानाच्या कुटुंबाने गेल्या हंगामात प्रथमच पाहिले. दुकानाचे कर्ते पुरुष, ज्यांना सारे घर अण्णा म्हणते, त्यांच्या पुतण्याने ड्रोन घेतले होते. अडीचशे ग्रॅमच्या आतले, म्हणजे कायद्याच्या भाषेत नॅनो वर्गातले. असे ड्रोन उडवण्यास चालकाचा परवाना लागत नाही. मोबाइलच्या पडद्यावरचे ते लाल चौकोन अण्णांनी चष्मा पुसून दोनदा न्याहाळले आणि म्हणाले, ‘शेजाऱ्याचा माल आपल्यापेक्षा बरा वाळलेला दिसतो.’ याहून अधिक कौतुक त्यांच्या मुखातून निघत नसते, हे पुतण्याला ठाऊक होते.

पुढे भाचीचे लग्न जयपूरला ठरले. धर्माबादहून रेल्वेने सिकंदराबाद आणि तेथून शमशाबादच्या विमानतळावर, असा प्रवास आखला गेला. वरातीचे चित्रण वरून करायचे, हे पुतण्याने आत्येबहिणीला कबूल केले होते.

निघण्याच्या आदल्या दिवशी सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपली आणि बैठकीत बॅगा भरण्याचे काम सुरू झाले. काकूंनी खाकऱ्यांचे डबे, शेव, लाडू आणि नणंदेसाठी घरच्या मिरचीचे दोन किलो तिखट काढून ठेवले होते. तिखट सांडेल या भीतीने त्या ते हातातल्या पिशवीत ठेवू पाहत होत्या. पुतण्याने अडवले. मिरचीची पूड प्रवाशाला विमानात हाती बाळगता येत नाही. ती खाली जाणाऱ्या मोठ्या बॅगेतच द्यावी लागते. बॅटरीचे नेमके याच्या उलट. सुटी बॅटरी मोठ्या बॅगेत चालत नाही. ती प्रवाशाने आपल्यापाशीच ठेवावी, असा नियम. ‘म्हणजे तिखट पोटात आणि विस्तव मांडीवर,’ काकू म्हणाल्या. ‘हा कुठला शहाणपणा?’

काकूंचा प्रश्न गैर नव्हता. सरळ व्यवहाराने पाहिले तर धोक्याची वस्तू माणसांपासून दूर ठेवायची असते. पुतण्याला नियम पाठ होता, कारण सांगता येईना. अण्णा मात्र वेगळ्याच हिशेबात होते. माल मोजून घेण्याची सवय चाळीस वर्षांची. ‘बॅटऱ्या तीन होत्या ना रे? या पाकिटात दोनच आहेत.’

पुतण्या गप्प राहिला. मग त्याने मोठी बॅग उघडली आणि काकूंच्या शालूंच्या घडीतून तिसरी बॅटरी बाहेर काढली. महिनाभरापूर्वी ड्रोन विजेच्या तारेला अडकून खाली आदळले होते. तेव्हापासून त्या बॅटरीच्या सपाट अंगाला फुगवटा आला होता. हाती तपासणी झाली तर ती अडवतील, म्हणून त्याने ती कपड्यांत लपवली होती. एका बॅटरीवर फार तर अर्धा तास उड्डाण होते. वरात, मंडप आणि पाठवणी यांना तिन्ही लागणार, हा त्याचा हिशेब. नवी मागवायला वेळ उरला नव्हता.

अण्णा रागावले नाहीत. त्यांनी बॅटरी हातात घेतली, कानाशी नेली, नाकाशी नेली. मग कापसाच्या दिवसांविषयी बोलू लागले. मिरचीकडे वळण्यापूर्वी त्यांनी कापसाचा व्यापार केला होता. सरकीसोबत एखादा खडा, लोखंडाचा तुकडा यंत्रात आला की ठिणगी उडते. ती रुईत शिरते आणि रुईसह गाठीत दाबली जाते. गाठ बाहेरून पांढरीशुभ्र. धूर नाही, वास नाही. आत विस्तव चालत असतो, कधी चार दिवस, कधी त्याहून अधिक. जाणता जिनिंगवाला संशयित गाठ थप्पीत लावत नाही. ती मोकळ्या पटांगणात वेगळी ठेवून राखणदार बसवतो. ‘विस्तवाची भीती नसते रे,’ अण्णा म्हणाले, ‘भीती असते ती कोणी पाहत नाही अशा जागी ठेवलेल्या विस्तवाची.’

काकूंना त्यांचे उत्तर मिळाले, आणि ते विमानशास्त्राच्या दृष्टीनेही चुकीचे नाही. लिथियम बॅटरीत दोन ध्रुवांमध्ये एक अतिशय पातळ पडदा असतो आणि भोवती पेट घेणारा द्रव. आदळण्याने, अतिभाराने किंवा टोके धातूला टेकल्याने हा पडदा निकामी झाला की आतील उष्णता उष्णतेलाच वाढवीत जाते आणि एक कप्पा शेजारच्या कप्प्याला पेटवतो. फुगवटा ही आत वायू साठल्याची खूण. विमानाच्या मालकक्षात आग दाबणारा वायू सोडण्याची सोय असते. त्याने ज्वाळा दबतात, पण बॅटरीचा ताप दबत नाही. तिला पाण्याने थंड करावे लागते आणि पाणी ओतणारा हात जवळ असावा लागतो. माणसे बसतात तेथे तो हात असतो. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईत एक मालवाहू विमान कोसळून दोन्ही वैमानिक दगावले. मालात लिथियम बॅटऱ्या होत्या. १ एप्रिल २०१६ पासून तर प्रवासी विमानातून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून नेण्यास जगभर मनाई आहे. उलट २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियात बुसानच्या विमानतळावर उभ्या विमानाच्या आत, आसनांवरच्या फडताळात आग लागली. सर्व १७६ जण उतरू शकले. संशय पॉवर बँकेवर होता. त्यानंतर त्या देशाने १ मार्चपासून पॉवर बँक वरच्या फडताळात ठेवण्यासही बंदी केली: अंगावर, नाहीतर समोरच्या खिशात ठेवा, पण नजरेआड नको.

व्यापाऱ्याला यात नवल वाटू नये. धोकादायक मालाची जी आंतरराष्ट्रीय यादी आहे, तिच्यात आपोआप तापणाऱ्या पदार्थांच्या वर्गात ओला कापूस आहे आणि सुके खोबरेही आहे. बॅटरी त्याच यादीत नवव्या वर्गात बसते. मालाचा स्वभाव ओळखून तो कोठे ठेवायचा हे ठरवणे, ही आपल्या आडतींची जुनीच विद्या.

अण्णांनी मग उरलेल्या दोन बॅटऱ्यांचा हिशेब मांडला. मर्यादा वॅट-तासात सांगतात. व्होल्टला अँपिअर-तासाने गुणले की ती निघते. बॅटरीवर ७.४ व्होल्ट आणि २४०० मिलीअँपिअर-तास असे छापलेले. पट्टीच्या कोऱ्या कागदावर उत्तर आले १७.७६. शंभरपर्यंत सर्वसाधारणपणे वेगळी परवानगी लागत नाही. शंभर ते एकशेसाठमध्ये विमान कंपनीची संमती हवी आणि अशा सुट्या बॅटऱ्या दोनच. त्यापुढे प्रवाशाला नेता येत नाहीत. शेतात औषध फवारणाऱ्या ड्रोनची बॅटरी ४४.४ व्होल्ट, २२ अँपिअर-तासांची असली तर आकडा नऊशेच्या वर जातो. तिने रस्त्यानेच जावे. (परदेशस्थ नातेवाइकाने भेट म्हणून ड्रोनच आणायचे म्हटले तर त्याला वेळीच थांबवावे. संशोधन, संरक्षण व सुरक्षा वगळता ड्रोनच्या आयातीवर ९ फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे.)

दोन्ही बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावून त्या वेगवेगळ्या पिशव्यांत घातल्या गेल्या. ड्रोनचे धड कोठे ठेवावे याबाबत प्रत्येक कंपनीची रीत निराळी, म्हणून पुतण्याने फोन करून विचारून घेतले: बॅटरी काढून मोठ्या बॅगेत. तिसरी बॅटरी अण्णांनी स्वतः परसात नेली, कोरड्या वाळूच्या बादलीत ठेवली आणि बादली गोदामापासून दूर, भिंतीच्या कडेला सरकवली. मुनीमजींनी सकाळी तिच्यावर कागद चिकटवला: ‘हात लावू नये.’

शमशाबादच्या खिडकीवर कर्मचारी मुलीने ठरलेला प्रश्न विचारला, बॅगेत बॅटरी, पॉवर बँक, लायटर असे काही आहे काय. अण्णांच्या तोंडून सवयीने निघाले, ‘काही नाही, कपडे आणि खाऊ.’ असे उत्तर आपण सारेच देतो, मागे रांग असते. क्षणभराने तेच थबकले. बिल्टीवर एक माल आणि गाडीत दुसरा, असे त्यांनी आयुष्यात कधी केले नव्हते. ‘थांबा, ताई. या बॅगेत ड्रोन आहे, बॅटरीविना. बॅटऱ्या दोन, याच्या पिशवीत. आणि दोन किलो तिखट.’ मुलीने बॅग पुन्हा उघडायला लावली. मागच्या रांगेतून कोणीतरी सुस्कारा सोडला. दहा मिनिटे गेली.

पाठवणीच्या वेळी दोन्ही बॅटऱ्या संपलेल्या होत्या. पुतण्याने ती मोबाइलवर टिपली, गर्दीतून, अण्णांच्या खांद्यामागून. चित्रात अर्धा वेळ अण्णांची पगडीच दिसते. आत्येबहिणीला तेच दृश्य सर्वांत आवडले, असे ती सांगते, पण पुतण्याचा त्यावर फारसा विश्वास नाही.

जाताना विमानात तो मधल्या आसनावर होता, पिशवी पायाशी. अण्णा खिडकीशी बसले होते, तरी ढगांकडे त्यांनी फारसे पाहिले नाही. दर थोड्या वेळाने ते वाकत आणि पिशवीवर तळहात ठेवून पाहत, जिनिंगच्या आवारात गाठींवर ठेवून पाहत तसा.