बुडबुडे, व्हिडीओ आणि एक सही

‘रिसर्च असिस्टंट’ म्हटलं की कसं भारी वाटतं ना? पांढरा कोट, लॅब वगैरे! एमए सायकॉलॉजी करताना लहान मुलांमधल्या ऑटिझमच्या प्रोजेक्टवर लागले, तेव्हा माझ्या हातात काय आलं? साबणाच्या बुडबुड्यांची बाटली, एक बाहुली आणि हार्ड डिस्कभर व्हिडीओ.

काम ऐकायला सोपं. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला मागून हाक मारायची, तो वळतो का ते टिपायचं. मध्येच बुडबुडे थांबवायचे. मग तो आपल्याकडे बघतो, बोट दाखवतो, की नुसता आपला हात धरून बाटलीकडे नेतो? नंतर तोच व्हिडीओ सेकंदासेकंदाला थांबवत बघायचा. दहा मिनिटांच्या क्लिपला माझे दोन तास सहज जायचे. तीच क्लिप दुसरी असिस्टंट वेगळी तपासणार, आणि आमचं जुळलं नाही की चर्चा. मैत्रिणी प्लेसमेंटच्या टेन्शनमध्ये, आणि आम्ही ‘याला बघणं म्हणायचं की नाही’ यावर तावातावाने भांडतोय! स्टायपेंड म्हणाल तर लोकलचा पास आणि वडापाव.

तुम्हाला यात यायचं असेल तर एक फंडा सांगते. अशा जागांच्या जाहिराती फारशा येत नाहीत, प्रोफेसरांना जाऊन थेट विचारायचं. आणि घरातली मराठी इथे सॉलिड कामाला येते. ‘प्रिटेंड प्ले’चं भाषांतर कुणीतरी ‘ढोंगी खेळ’ केलं होतं. आम्ही ‘खोटं खोटं खेळणं’ केलं, तेव्हा कुठे आयांना प्रश्न कळला. फॉर्मवर भारदस्त नाव असतं, घरी सगळे ‘सोन्या’ म्हणतात. हाक कोणत्या नावाने मारायची, हे आधी आईलाच विचारावं लागतं.

संमतीपत्र वाचून दाखवणं हेही माझंच काम. त्यात एक वाक्य असतं : ‘या अभ्यासाचा तुमच्या मुलाला थेट फायदा होईलच असं नाही.’ एका आईने तिथेच थांबवलं. ‘मग कोणाला होईल?’

‘पुढच्या मुलांना, कदाचित.’

तिने पेन मागितलं. ‘मंगळवारी चालेल ना? बुधवारी रजा मिळत नाही.’

तिसऱ्या भेटीत तिने विचारलं, ‘ताई, बोलेल ना हो तो?’ यावर असिस्टंटने बोलायचं नसतं. ‘मॅडम सांगतील’ एवढंच म्हणायचं. ते वाक्य घशात अडकतं, पण नियम बरोबरच आहे. मग हळूच दुसरा प्रश्न आला. ‘मी नोकरी करते म्हणून झालं का हे? सासूबाई म्हणतात.’

इथे मात्र मी बोलले. १९६७ मध्ये ब्रुनो बेटलहाइमने पुस्तक लिहून आयांच्या ‘थंडपणा’वर खापर फोडलं होतं. ते चूक ठरूनही जमाना झाला. सासूबाईंपर्यंत बातमी पोचली नाही इतकंच. मेंदूची घडण जन्माआधीपासूनच वेगळी होत असते, त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. आईच्या ऑफिसच्या वेळांचा त्याच्याशी संबंध नाही.

‘हे मराठीत लिहून द्याल?’ ती म्हणाली. ‘घरी दाखवायला.’

दिलं. मोठ्या अक्षरात, एका पानावर. खाली मॅडमची सही आणि शिक्का घेतला.